आढे चढवायचा दिवस

२०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात जाण्याचा योग आला. योग कसला, रजा साठली होती आणि लेकीचे घर बांधायला निघाले होते. पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी म्हणून एकतीस वर्षे काढली, पण इतकी सलग रजा कधी घेतली नव्हती. सौ. ने लोणचे, मेतकूट आणि नाचणीचे पीठ बांधून घेतले आणि आम्ही निघालो.

विस्कॉन्सिन म्हणजे दुधाचे राज्य. तिथल्या मोटारींच्या नंबरपाटीवरही 'अमेरिकेची दुग्धभूमी' अशा अर्थाचे शब्द छापलेले असतात. मॅडिसन ही राजधानी दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेली आहे. तिथल्याच विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० साली दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी पद्धत काढली. ती आम्हाला पदवीच्या वर्गात शिकवली होती, म्हणून त्या आवारात पाऊल टाकताना मला जरा निराळेच वाटले. जावईबापूंना मात्र त्यात काही विशेष वाटले नाही. त्यांचे काम संगणकाचे.

शहराच्या नैऋत्येला माउंट होरेब गावाकडे निघालो की सपाटी संपते आणि टेकड्या लागतात. हिमयुगातील बर्फाचे थर या भागावरून फिरले नाहीत, म्हणून इथले डोंगर तसेच उभे राहिले असे सांगतात. उतारावर समपातळीत पट्टे पाडून एका पट्ट्यात मका आणि दुसऱ्यात लसूणघास अशी शेती दिसली. आपण पाणलोटाच्या शिबिरात जे चित्र फळ्यावर काढतो, ते तिथे मैलोगणती जमिनीवर काढलेले आहे. मक्याची पेरणी चालू होती. मधूनमधून तांबडे गोठे, उंच सायलो आणि कुंपणाशी उभ्या काळ्यापांढऱ्या गाई. मोटार थांबवा थांबवा म्हणून मी जावईबापूंना पुरते कंटाळवले.

अशाच एका उतारावर लेकीचे घर उभे राहत होते. टेकडीत खोदलेल्या बाजूची भिंत काँक्रीटच्या ठोकळ्यांची, थेट आढ्यापर्यंत चढवलेली. बाकीचे सारे घर लाकडाचे. मधल्या दालनाला माळा नाही, खाली उभे राहून वर पाहिले की छताचे दोन्ही पाख दिसावेत अशी लेकीची हौस. आपल्याकडे दोन पाखांचे वासे खाली सरकू पाहतात, भिंतींना बाहेर लोटू पाहतात, म्हणून खाली तुळई घालून कैची बांधतात. लेकीला ती आडवी तुळई नको होती. मग वाशांचा भार आढ्यानेच पेलला पाहिजे. आपल्या कैचीच्या घरात आढे बहुधा वासे जुळवायच्या कामाचे असते, इथे अर्ध्या छताचे ओझे त्याच्यावर. त्यात दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये छताचा हिशेब दर चौरस फुटाला तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास बर्फ धरून करतात. एवढे ओझे चोवीस फुटांच्या गाळ्यावर पेलणारे एकसंध निर्दोष लाकूड आता मिळते कुठे? म्हणून आढे चिकटवलेल्या लाकडाचे.

चिकटवलेले म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पावसात फुगणारे प्लायवूडचे कपाट आले. मी लेकीला म्हणालो, "अगं, डोक्यावर सरसाने जोडलेले लाकूड घेऊन निजणार का?" ती हसली आणि म्हणाली, "बाबा, आधी बघा तर."

आढे आले ते ट्रकवरून, कागदी वेष्टणात गुंडाळलेले. चोवीस फूट लांब, पाच इंचांहून थोडे रुंद, दीड फूट उंच. वजन अडीचशे किलोच्या घरात. डग्लस फर नावाच्या झाडाच्या दीड दीड इंच जाडीच्या बारा फळ्या एकीवर एक ठेवून, सरस लावून, दाबून एक केलेल्या. फळ्या सगळ्या सारख्या नसतात. तुळई वाकते तेव्हा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो, मधल्याला त्रास कमी. म्हणून निवडक, गाठी नसलेल्या फळ्या तळाशी घालतात आणि साध्या मध्ये.

या लाकडाची हकिगत मोठी गमतीची आहे. जर्मनीत वायमार गावच्या ओटो हेट्झर यांनी १९०६ साली त्याचे पेटंट घेतले. अमेरिकेत ते आणले मॅक्स हॅनिश या जर्मन गृहस्थांनी, आणि तेही याच विस्कॉन्सिनमध्ये, पेश्टिगो या गावी. हे तेच गाव, जे ८ ऑक्टोबर १८७१ च्या वणव्यात राख झाले आणि हजाराहून अधिक माणसे गेली. त्याच पेश्टिगोत १९३४ साली चिकटवलेल्या लाकडाच्या कमानींवर शाळेची व्यायामशाळा उभी राहिली. राज्याच्या अधिकाऱ्यांचा नुसत्या सरसावर विश्वास बसेना. त्यांनी कमानींना बोल्ट आणि लोखंडी पट्ट्या घालायला लावल्या. मी स्वतः सरकारी माणूस असल्याने मला त्यांचे वागणे मुळीच चुकीचे वाटले नाही.

पण खरी मौज पुढेच आहे. त्या वेळचा सरस दुधाचा होता! दुधातले केसीन वेगळे काढायचे, त्यात चुना मिसळायचा आणि फळ्यांना फासायचे. मॅडिसनला सरकारची लाकूड प्रयोगशाळा आहे, १९१० साली स्थापन झालेली. तिथेही त्याच सुमारास अशाच कमानींची इमारत बांधली. ती पाऊणशे वर्षे उभी राहिली आणि उतरवल्यावर तिच्या कमानींची ताकद पुन्हा तपासण्यात आली. दुधाच्या सरसाचे वैगुण्य एकच, त्याला ओल सोसत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाण्याला दाद न देणारे रासायनिक सरस निघाले आणि मग ही लाकडे पुलांनाही वापरू लागले. हे ऐकल्यावर माझी निम्मी भीती गेली. उरलेली निम्मी सुताराने घालवली.

हा मुख्य सुतार साठी उलटलेला, अबोल माणूस. त्या भागात नॉर्वेहून आलेल्या लोकांची वस्ती फार, हाही त्यांच्यातलाच. ट्रक आल्याबरोबर त्याने आढे जमिनीवर टेकू दिले नाही. खाली चार ओंडके टाकून त्यावर ठेवले. मग चाकू काढला आणि वेष्टणाला तळाच्या बाजूने चिरा दिल्या. मला वाटले, हा नवे वेष्टण का फाडतो? लेकीने विचारून सांगितले, वरून पाऊस लागू नये म्हणून वेष्टण ठेवायचे, पण आत घाम धरला तर तो खाली निथळून जायला वाट हवी. आपण ताडपत्रीखाली धान्याची थप्पी मारतो आणि आत वाफ धरून बुरशी येते, तोच प्रकार.

दुसऱ्या दिवशी त्याने खिशातून दोन सुयांचे एक यंत्र काढले आणि लाकडात टोचले. आकडा आला बारा. मी एकदम म्हणालो, "अरे, हे तर आपले आर्द्रतामापक!" धान्य कोठीत भरताना ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा, हे मी किती गावांत ओरडून सांगितले असेल. लाकडाचेही तेच. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर लाकूड कुजवणारी बुरशी वाढत नाही. त्याला मराठी येत नव्हते आणि मला त्याचे इंग्रजी निम्मेच कळत होते, पण त्या आकड्यावर आमची ओळख झाली.

आढे चढवायचा दिवस शनिवार धरला होता. शुक्रवारी पाऊस लागला, म्हणून सोमवार उजाडला. क्रेन आली. साखळी नाही, रुंद कापडी पट्टे बांधले, आणि पट्टा जिथे कडेवर येतो तिथे लाकडाचे तुकडे घातले. कोपरा दबू नये म्हणून. उचलण्याआधी सुताराने सगळ्यांना थांबवले आणि आढ्यावर छापलेली अक्षरे वाचायला लावली. 'टॉप', म्हणजे वरची बाजू. या आढ्याला मध्यभागी वरच्या अंगाला पाव इंच फुगवटा दिलेला असतो. ओझे आले की ते सरळ व्हावे म्हणून. आणि भारी फळ्या तर तळाशीच. उलटे बसवले तरी दिसायला काही फरक पडत नाही, पण या जातीच्या तुळईची वाकण सोसण्याची ताकद तीन चतुर्थांशावर येते. हे कळायचे कधी, तर बर्फ साचल्यावर. एकेक माणसाने वाचले, मान हलवली, मगच क्रेन हलली. आमच्या जावईबापूंनाही वाचायला लावले.

पूर्वेच्या टोकाला लाकडी खांब होता, आणि तो खांब मधे कुठेही न तुटता पायापर्यंत गेलेला. आढ्याचे ओझे नुसते भिंतीत सोडून चालत नाही, ते जमिनीपर्यंत पोहोचवावे लागते. खांबाच्या डोक्यावर पोलादी बैठक होती. बोल्ट मारले ते खालच्या अंगाला. वरच्या अंगाला आधार होता, पण त्यातली भोके लांबट. मी विचारले, वर घट्ट का नाही? सुताराने जमिनीवर पेन्सिलीने काढून दाखवले. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, उंचीत आकसते. वर आणि खाली दोन्हीकडे लोखंडाला घट्ट जखडले तर सुकताना त्याला हलायला जागा राहत नाही, आणि मग ते रेषेरेषेने फाटते. लोखंड काही आकसत नाही.

पश्चिमेच्या काँक्रीटच्या भिंतीत खोबण ठेवली होती. तिच्या तळाशी पोलादी पत्रा. आढ्याचे ते टोक जागेवर थोडे कापावे लागले. कापल्याबरोबर सुताराने जेवायची वेळ झाली असूनही आधी त्या ताज्या तोंडाला ब्रशने लेप लावला, मगच डबा उघडला. नंतर टोक खोबणीत उतरवले. आणि मी पाहिले तर खोबण मोठी! दोन्ही बाजूंना, वर आणि टोकापुढे अर्धा अर्धा इंच मोकळा. मला वाटले, माप चुकले. आता हे त्या फटीत सिमेंट भरणार. पण कोणी काही भरले नाही. हत्यारे गोळा करू लागले.

लेक म्हणाली, "बाबा, ती जागा मुद्दाम सोडलीय. इथल्या नियमातच आहे. काँक्रीटच्या भिंतीत लाकूड घुसवायचे तर चहूकडून अर्धा इंच हवा पाहिजे, नाहीतर औषध पाजलेले लाकूड वापरायचे."

मी तिथेच एका ओंडक्यावर बसलो. कारण मला तात्या आठवले.

२००९ साली मी चंदगड तालुक्यात माझे घर बांधले. आमचा पाऊस वाचकांना ठाऊक असेल. तात्या सुतार आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. ओटीवरच्या सागवानी तुळया भिंतीत बसवताना ते मला म्हणाले, "साहेब, तुळईच्या तोंडाला श्वास लागतो. बोटभर जागा सोडा." मी म्हणालो, "तात्या, तो मातीच्या भिंतीचा जमाना गेला. आता सिमेंट आहे, घट्ट धरेल." आणि गवंड्याला सांगून टोके सिमेंटात पक्की गाडून घेतली. तात्या पुढे बोलले नाहीत. सरकारी साहेबापुढे काय बोलणार? २०२१ च्या पावसाळ्यात ओटीवरची कौले खचली. काढून पाहिले तर पश्चिमेकडच्या दोन तुळयांची टोके हाताने चुरत होती. मधले लाकूड खणखणीत, फक्त भिंतीतले वीतभर गेलेले. पावसाच्या झडीने भिंत ओली व्हायची, आणि लाकडाचे कापलेले तोंड म्हणजे पेंढ्याची कापलेली पेंढी, नळ्याच नळ्या. जलवाहिन्या पाणी कशा ओढतात हे मी पदवीच्या पेपरात आकृतीसह लिहिले होते. ओढलेले पाणी परत जायला सिमेंटाने वाट ठेवली नाही. तोवर तात्या वारले होते.

एवढ्यावर भागले असते तर मी हे लिहिलेही नसते. पण माझा धाकटा भाऊ, बापू, त्याच महिन्यात गावाकडे घर बांधत होता. वडिलांचे जुने घर उतरवून त्यातल्याच चार सागवानी तुळया नव्या घराला घालायच्या होत्या आणि मृगाच्या आत कौले चढवायची होती. माझ्या घराच्या तुळया मी बदलून घेतल्या तेव्हा बापूला कारण सांगितले होते ते 'लाकूड कच्चे निघाले' असे. खरे कारण सांगायला जीभ रेटली नव्हती.

तिथल्या रात्री नऊला आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. मी फोन लावला.

"बापू, तुळया बसवल्यास?"

"दोन बसल्या दादा, दोन आज. गवंडी आलाय. टोके सिमेंटात घट्ट गाडतोय, तू केलीस तशीच."

"थांबव. बसवल्या त्यांचे सिमेंटही फोड."

पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. मग तो म्हणाला, "दादा, पाऊस तोंडावर आलाय. सुताराचा पोरगा पण हेच सांगत होता, जागा सोडा म्हणून. मी म्हटलं, दादाने सिमेंटात घातल्यात, तो शिकलेला आहे."

सुताराचा पोरगा म्हणजे तात्यांचाच मुलगा. मी बापूला म्हणालो, फोन त्याच्याकडे दे. त्याला काय सांगायचे ते मी मनात नीट जुळवले होते, पण तोंडातून एवढेच आले, "तुझ्या वडिलांचे मी तेव्हा ऐकले नाही रे."

तो म्हणाला, "माहीत आहे साहेब. मी तिथंच होतो, रंधा मारत."

मग आम्ही कामाचे बोललो. टोकाखाली शहाबादी फरशीचा तुकडा, त्यावर डांबरी कागद, टोकाच्या तोंडाला डांबराचा हात, आणि दोन्ही बाजूंना, वर व पुढे अर्धा इंच मोकळा. फट आतल्या बाजूला उघडी, बाहेरून भिंत सलग. गवंडी कुरकुरला. दोन तुळयांचे सिमेंट फोडायला एक दिवस गेला, त्याची मजुरी मी दिली. त्या वर्षी मॉन्सून महाराष्ट्रात उशिरा पोहोचला. साऱ्या तालुक्याच्या पेरण्या रखडल्या, तेवढा बापूच्या कौलांना मात्र तो पावला.

इकडे लेकीच्या घरावर, आढे बसल्यावर सुताराने एका हिरव्या झाडाची फांदी आणून वर ठोकली. ही त्या लोकांची जुनी रीत. सौ. ने मॅडिसनच्या भारतीय दुकानातून नारळ आणून ठेवलाच होता. तो फुटला, खोबरे सर्वांनी खाल्ले. आमच्या भागात आढे चढते त्या दिवशी सुताराला टोपी देतात. इथे टोपी कुठून आणायची? सौ. ने माझीच नवी टोपी त्याला दिली आणि त्याने ती दिवसभर डोक्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी विजेचे काम करणारा आला. दिव्याची तार न्यायला आढ्याला खालून भोक पाडावे म्हणून त्याने यंत्र लावले, तोच सुतार वरून ओरडला. एरवी अबोल माणूस, पण त्या दिवशी आवाज टेकडीवर घुमला. तळाची फळी म्हणजे ताण घेणारी दोरी. तिला भोक नाही, खाच नाही, खिळा मारतानाही विचार करायचा. तार बाजूच्या भिंतीवरून फिरली.

यामुळे लेकीचा चेहरा पडला. तिला आढ्याला झोपाळ्याच्या कड्या हव्या होत्या. आपल्या घरी तुळईला भोके पाडून कड्या अडकवलेल्या तिने लहानपणापासून पाहिलेल्या. सुताराने नाही म्हटले नाही आणि हो ही म्हटले नाही. ज्या इंजिनियराने आढ्याचा हिशेब केला होता त्याला विचारायला सांगितले. चार दिवसांनी उत्तर आले. भोक नको. वाशांची फळकटे ठोकण्याआधी आढ्याच्या पाठीवरून पोलादी पट्टे घाला आणि दोन्ही अंगांनी खाली उतरवा, खोगीर घातल्यासारखे. ओझे पाठीवर येईल, पोटावर नाही. झोपाळ्यावर किती माणसे बसणार हेही त्याने विचारले होते. जावईबापूंनी दोन लिहिले, लेकीने खोडून चार केले.

आम्ही जुलैत परतलो. डिसेंबरात लेकीने घाबरून फोटो पाठवला. आढ्याला बाजूने हातभर चीर! माझेही काळीज हलले. तिने सुताराला बोलावले. त्याने शिडी लावून पाहिले. चीर एका फळीच्या अंगात, तंतूंच्या दिशेने, वरवरची होती. दोन फळ्यांमधली सरसाची रेघ कुठे उकललेली नव्हती. घर पहिल्यांदाच तापवले की लाकूड वरून लवकर सुकते आणि आतून सावकाश, मग अशी चीर पडते. त्याने पहिल्या थंडीत घर हळूहळू तापवा म्हणून सांगितले होते. यांनी पहिल्याच हिमवर्षावात एकदम पूर्ण तापवले. सरसाची रेघ उकलली असती तर गोष्ट वेगळी होती, तेव्हा इंजिनियरला बोलवावे लागले असते. चीर आहे तशी आहे, झोपाळाही चालू आहे.

२०२४ च्या मे महिन्यात बापूकडे गेलो. एक पावसाळा घरावरून गेला होता. चहा व्हायच्या आधीच मी शिडी मागितली, तेव्हा भावजय म्हणाल्या, "भावजी, आधी बसा तरी." चढलो, चाकूचे टोक चारही तुळयांच्या तोंडाशी टोचून पाहिले. लाकूड कोरडे, चाकू शिरत नव्हता. फक्त पश्चिमेकडच्या एका फटीत चिमणीने काड्या, कापूस आणि बापूच्या गोठ्यातल्या दाव्याचे धागे कोंबून घरटे केले होते, आत पिल्ले चिवचिवत होती. काढा म्हटले तर भावजयींनी काढू दिले नाही. पिल्ले उडून गेल्यावर फट साफ करून बारीक जाळी ठोकायचे ठरले, आणि ते काम तात्यांच्या मुलाने अंगावर घेतले आहे.